जेवण अंगणवाडीत, बाळंतीण माहेरी

बाळंतिणीच्या आहाराचा विषय निघाला की आमच्या बेळगाव भागात वाद कुठल्या कुठं जातो बघा. कोण म्हणतं अंडं देऊन सरकार धर्म बुडवायलंय. कोण म्हणतं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 मिळतात, बस फुकट, तांदूळ फुकट, आता ताट पण सरकारनंच वाढायचं काय ओ? तिसऱ्याचं घर खातंपितं असतं, त्याला अंगणवाडीतल्या भात-सांबाराचं नाव काढलं तरी कमीपणा वाटतो, "आमच्यात बाळंतिणीला तूप-डिंक काय कमी हाय?" आणि खानापूर-निपाणीकडं एक माणूस ठरलेला, जो शेवटी सगळं सीमाप्रश्नावर आणून ठेवतो, महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती म्हणतो. ह्या सगळ्यांना एकच विचारा, की ज्या बाईवरून तुम्ही भांडायलाय ती बाई आत्ता या घडीला कुठल्या गावात, कुठल्या घरात आहे? एकालाही सांगता येत नाही. माझ्या मते खरा घोळ तिथंच आहे. योजना वाईट नाही, पैसा अगदीच नाही असंही नाही, पण बाळंत झालेल्या बाईनं जेवणापर्यंत चालत यायचं अशी तिची मांडणी आहे, आणि ते व्हायला पाहिजे बरोबर उलटं. बाळंतपणानंतरचे सहा महिने तो आहार बाई ज्या घरात असेल त्या घरी पोचला पाहिजे, मग ते घर सासरचं असू दे की माहेरचं, कर्नाटकात असू दे की महाराष्ट्रात.

आधी काय मिळतं ते नीट बघू, कारण निम्म्या लोकांना तेच माहीत नसतं. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा सांगतो की गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने स्तनदा मातेला अंगणवाडीतून फुकट आहार मिळायला हवा. हा कुणाचा उपकार नाही, कायद्यानं दिलेला हक्क आहे. कर्नाटकानं त्यासाठी 2 ऑक्टोबर 2017 ला मातृपूर्ण सुरू केली. महिन्यातले 25 दिवस दुपारचं गरम जेवण, त्यात भात, सांबार, भाजी, उकडलेलं अंडं, 200 मिली दूध आणि शेंगदाण्याची चिक्की, शिवाय लोहाच्या गोळ्या. कागदावर बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही. फक्त एक अट, बाईनं अंगणवाडीत येऊन बसून जेवायचं. आता आपल्याकडची रीत आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी गेली. बाळंत झाल्यावर सव्वा महिना उंबऱ्याच्या बाहेर पाऊल नाही, काही घरांत तीन महिने नाही. बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की बाळंतविडा घेऊन ती सासरी येते. म्हणजे नाव सासरच्या अंगणवाडीत, बाई माहेरी, आणि कायद्यानं दिलेल्या सहा महिन्यांतले हातात राहिले किती? एखादा महिना. तो पण पाऊस नसला तर.

आणि गरज नेमकी ह्याच महिन्यांत सगळ्यात जास्त असते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादच्या पोषण संस्थेनं 2020 मध्ये दिलेल्या हिशोबात गरोदर बाईला रोजच्यापेक्षा 350 कॅलरी जास्त लागतात, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने 600. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणतो आपण, म्हणजे तेवढे दिवस बाळाचं सगळं पोषण आईच्या ताटातनं जातं. ताट कमी पडलं तरी दूध लगेच आटत नाही, आईचं शरीर स्वतःच्या साठ्यातलं देत राहतं, हाडातलं कॅल्शियम देतं, अंगावरचं मांस देतं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत कर्नाटकातल्या गरोदर बायकांपैकी 45.7 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. बाळंतपणात आणखी रक्त जातं, आणि मग ह्याच बाईला आपण सांगतो, ये चालत अंगणवाडीत.

आता समोरच्या बाजूचा जो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो मी टाळणार नाही. अंगणवाडीत बसवून जेवण का ठेवलं? कारण घरी शिधा दिला की तो घराचा होतो. सासरा, नवरा, मोठी पोरं, पाव्हणे, सगळ्यांच्या ताटात तो वाटला जातो आणि सुनेच्या ताटात शेवटी उरलेलं येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. केंद्रात बसून खाल्लं तर तिच्याच पोटात जातं, चार बायकांत बसून बोलणं होतं, वजन होतं, गोळी समोर घेतली जाते. शिवाय घरी न्यायच्या पाकिटांचा इतिहास काही चांगला नाही. ठेकेदारांनी त्यात एवढं खाल्लं, की सुप्रीम कोर्टानं 2004 मध्ये अंगणवाडीच्या आहाराला ठेकेदार लावू नका असा आदेश दिला. ज्यांनी गरम जेवणाचा आग्रह धरला ते मूर्ख नव्हते, आणि गरोदरपणात तरी त्यांचंच बरोबर आहे, बाई हिंडती-फिरती असते, जवळची अंगणवाडी असेल तर येऊ शकते. मी तिथलं काही बदला म्हणत नाही.

पण बाळंतपणानंतर हाच मुद्दा उलटतो. जी येऊच शकत नाही तिच्यासाठी "इथं आलीस तरच" ही अट म्हणजे तिचं नाव कापण्याची सभ्य पद्धत झाली. आपल्या भागाला ही पद्धत नवीन नाही. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ बेळगाव, धारवाड आणि तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यावर पडला तेव्हा इंग्रज सरकारच्या रिचर्ड टेंपल साहेबानं दुष्काळी कामावर अंतराची कसोटी लावली होती. घराजवळच्या कामावर घ्यायचं नाही, लांबच्या कामावर चालत गेलास तर तू खरा भुकेला, आणि मजुरी म्हणजे दिवसाला जेमतेम एक रत्तल, म्हणजे अर्धा किलोभर, धान्य आणि वर किरकोळ पैसे. हिशोबाला तर्क बिनतोड होता, फुकटखाऊ आपोआप गळतात म्हणे. गळाले कोण? जे सगळ्यात अशक्त होते ते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यावर आवाज उठवला, लोकांनी कामं सोडली, आणि पुढं 1880 च्या दुष्काळ आयोगाला मान्य करावं लागलं की ज्याला काम करता येत नाही त्याला त्याच्या गावातच मदत द्यायची. आजचं सरकार टेंपल नाही, हेतू चांगला आहे, हे मी शंभरदा मान्य करीन. पण अंतराची कसोटी हेतू बघून काम करत नाही. खानापूरच्या जंगलात आमगाव, गवाळी, तळेवाडी, कृष्णापूर ही गावं भीमगड अभयारण्यात आहेत. जुलैत तिथं पाऊस लागतो तेव्हा धडधाकट माणूस बाहेर पडायला दहादा विचार करतो, तिथल्या ओल्या बाळंतिणीला तुम्ही हजेरीपट काय दाखवणार?

राहिला वाटून खाण्याचा प्रश्न. त्याचं उत्तर मला आपल्याच चालीरीतीत दिसतं, आणि सरकारी बैठकीत ते कुणाला कसं सुचत नाही याचं नवल वाटतं. घरात आलेला तांदूळ-डाळ सगळ्यांची होते हे खरंय, पण डिंकाच्या लाडवाचा डबा कुणाचा असतो? बाळंतिणीचा. त्याला हात लावलेल्या पोराच्या पाठीत आजीचा धपाटा बसतो. अळीवाची खीर, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशेप, हे घरातला बाप्या माणूस मागून खात नाही, ते तिचं म्हणून ठरलेलं असतं. मग घरी पाठवायचा शिधा त्याच रूपात का नको? अळीव, डिंक, गूळ, शेंगदाणे, खारीक, नाचणी, आणि रोजचं अंडं-दूध वेगळं. जी सासू मातृपूर्णचा भात चौघांत वाटेल तीच सासू अळीव राखून ठेवील. नुसत्या लाडवावर भागतं असं मला म्हणायचं नाही, त्यात तूप-गूळ जास्त आणि भाजीपाला नाही, पण आहारात रीतीचं बळ वापरता येतं ते आपण फुकट घालवायलोय.

"आमच्या घरात काय कमी" म्हणणाऱ्यांना पण इथंच सांगतो. एक तर तुमच्या घरात काय कमी नाही म्हणून निपाणीत घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईच्या घरात पण कमी नाही असं होत नाही. ती हजारावर मजुरी घेते, बोटं थांबली की पैसे थांबले, बाळंतपणानंतर किती दिवसांत सूप परत मांडीवर येतं ते तिच्या शेजारणीला विचारा. अथणी-रायबाग-चिकोडीला कारखान्याच्या फडावर ऊस तोडायला येणाऱ्या बायका तर गावात पण नसतात, पाचटाच्या खोपीत बाळंत होतात, त्यांचं नाव कुठल्या अंगणवाडीत असणार? दुसरं म्हणजे खात्यापित्या घरातपण बाळंतिणीचं ताट बघा एकदा. पालेभाजी नको, बाळाला हगवण लागेल. डाळ नको, वातूळ. फळ थंड, ताक थंड, पाणी जास्त पिऊ नको पोट सुटेल. तूप-भात-मिरी, तूप-भात-लसूण. अजून काही घरांत पहिला चीक पिळून टाकतात, जो बाळाचं पहिलं औषध आहे, आणि वर बोटानं मध चाटवतात, जो वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही असं कुठलाही डॉक्टर सांगील. तर घरच्या आहारात काय कमी आहे याचं उत्तर पुष्कळदा पैसा नसतंच. घरी शिधा घेऊन जी अंगणवाडी टीचर किंवा आशाताई येईल ती हे बोलू शकते, आजीच्या समोर बसून, चहा घेत. पोस्टर लावून हे होत नाही.

पैशाचं म्हणाल तर रोख रकमेच्या विरोधात मी नाही. हातात पैसा आला की बाई स्वतः ठरवते, त्यात मान आहे, आणि निकृष्ट पाकिटापेक्षा रोकड बरी असं म्हणणाऱ्यांत पोटतिडकीची माणसं आहेत. पण कुठला पैसा कुणाच्या हातात जातो ते तरी बघा. गृहलक्ष्मी 2023 च्या ऑगस्टला सुरू झाली, ती रेशन कार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख आहे तिच्या खात्यात जाते. आणि कुटुंबप्रमुख म्हणजे घरातली मोठी बाई, कायदाच तसा आहे. म्हणजे एकत्र घरात ते 2000 सासूच्या खात्यात. सासू चांगली असेल, खर्च पण करील, पण ज्या बाईच्या अंगावर बाळ पितंय तिला तिच्या नावानं मिळतंय असं सांगत फिरू नका. तिच्या नावाचा पैसा म्हणजे केंद्राची मातृवंदना, त्यात पहिल्या बाळाला 5000, दुसऱ्याला मुलगी झाली तरच 6000. 2013 च्या कायद्यात 6000 पेक्षा कमी नाही असं लिहिलंय, प्रत्येक गरोदर-स्तनदा बाईला, त्यात पहिलं-दुसरं, मुलगा-मुलगी असलं काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर आईला भूक कमी लागते काय?

सरकारनं का करायचं, असं विचारणाऱ्यांना आपल्याच इलाख्याचा दाखला देतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजा-भत्त्याच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी भूमिका घेतली होती की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलला पाहिजे. 1929 ला कायदा झाला तो कारखान्यातल्या बायकांपुरता, आणि भार मालकावर. शेतातली, घरात राबणारी तेव्हाही बाहेर राहिली. जवळजवळ शंभर वर्षं झाली आणि आपण अजून फुकटेपणावर चर्चा करायलोय.

अंड्यावर मी फार शाई घालवणार नाही. आपल्या जिल्ह्यात जैन, लिंगायत, ब्राह्मण घरं भरपूर आहेत, त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे, आणि न खाणाऱ्याला दुसरं काही देता येतं, दिलंही जातं. जिला पाहिजे तिला अंडं, जिला नको तिला कडधान्य-चिक्की. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि ती खाणाऱ्या बाईच्या ताटातून दुसऱ्याच्या भावनेसाठी काढून घ्यायची हे कुठल्या धर्मात बसतं ते मला तरी कळलेलं नाही.

खरा गुंता सीमेचा आहे, आणि तिथं दोन्ही बाजूची माणसं नुसत्या घोषणा देतात. आमच्याकडची सोयरीक सीमा बघून होत नाही. खानापूरची पोरगी चंदगडला दिलेली, गडहिंग्लजची निपाणीत आलेली, शिनोळी ओलांडून बेळगावच्या बाजाराला येणारी निम्मी माणसं चंदगड तालुक्याची, आणि दवाखान्याला पण तिकडची बाई बेळगावलाच येते. आता माहेर चंदगडला आणि सासर खानापूरला असलेली बाई घ्या. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, कर्नाटकाचं, सातव्या महिन्यात ती महाराष्ट्रात गेली. इकडच्या अंगणवाडीत ती गैरहजर, तिकडच्या अंगणवाडीत ती पाहुणी. इकडं गरम जेवणाची पद्धत, तिकडं घरी न्यायच्या पाकिटाची, कारण महाराष्ट्राची गरम जेवणाची अमृत आहार योजना 2015 पासून आहे ती आदिवासी भागात. दोन राज्यांचं मिळून तिच्या वाट्याला आलं काय तर काहीच नाही. आणि कार्डावरचं कन्नड तिच्या आईला वाचता येत नाही. ज्या तालुक्यात 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या हे संरक्षण जुनं आहे, तरी लसीची तारीख आणि गोळीची मात्रा मराठीत छापायला अस्मिता आडवी येते.

चौथ्या गटाच्या, सगळं सीमाप्रश्नावर आणणाऱ्या, माझ्या मित्रांना मी एवढंच सांगतो की जखम खरी आहे, मी पण ह्याच मातीतला. पण महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा लावला 2004 ला. त्या साली जन्मलेली पोरगी आज स्वतः बाळंतीण असू शकते, आणि दावा अजून चालूच आहे. 2023 ला महाराष्ट्रानं जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू केली, लगेच कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडं भाषणं झाली. दर हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, मराठी माणसांच्या मेळाव्यावर बंदी येते, बसेसना काळं फासलं जातं, दोन दिवस एसटी बंद. हे सगळं होतं, पण माहेरी गेलेल्या बाईच्या आहाराचा प्रश्न त्या सौधात कुणी लावून धरलाय का? इकडच्यांनी नाही, तिकडच्यांनी नाही.

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणावं तर ते पण नाही. रेशनचा तांदूळ एक देश एक कार्डवर कुठल्याही राज्यात उचलता येतो. पोषण ट्रॅकर हे केंद्राचं ॲप दोन्ही राज्यांतल्या अंगणवाडीत एकच आहे, आणि त्यात गाव बदललेल्या बाईचं नाव दुसरीकडं न्यायची सोय आहे. सोय आहे पण सासरची टीचर नाव सोडत नाही कारण तिची संख्या कमी होते, आणि माहेरची घेत नाही कारण चार महिन्यांसाठी कोण कटकट करून घेणार. वरून 2025 च्या जुलैपासून घरी न्यायच्या शिध्याला चेहरा मोबाईलवर जुळला पाहिजे अशी सक्ती आली. चोरी थांबावी हा उद्देश ठीक, पण जंगलात रेंज नसलेल्या गावात अंधाऱ्या खोलीतल्या बाईचा चेहरा कुठून जुळवणार?

टीचरवर बोजा वाढेल हा आक्षेप मात्र मला मान्य आहे, पूर्ण मान्य. तुटपुंज्या मानधनावर त्यांच्याकडून मतदारयादीपासून सगळी कामं करून घेतात, आणि आता दारोदार डबा पण? म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी आठवड्याला एक कोरडा शिधा, आणि गरम डबा न्यायला घरातलाच माणूस. बाळाच्या बापाला अंगणवाडीतनं डबा आणायला काय लाज वाटते? अंडी-दूध बचत गटाकडून. आणि घरी जाणं जमत नाही असं बेळगावनं तरी म्हणू नये. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ह्याच जिल्ह्याच्या खेड्यांत 1620 बायकांवर अभ्यास केला होता, 2006 ला लॅन्सेटमध्ये आला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला गावच्या नर्सबाईनं मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, आणि बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. तेव्हा मोठं हॉस्पिटल बाईच्या दाराशी गेलं नव्हतं, एक नर्स आणि गोळी गेली होती.

सहा महिन्यांनंतर बाळाचं स्वतःचं जेवण सुरू होतं, तिथं तर परिस्थिती आणखी वाईट. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच 2019-21 च्या फेरीत देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळं 11.3 टक्के, आणि कर्नाटकात पाच वर्षांखालच्या मुलांत रक्त कमी असलेली 65.5 टक्के. अंगणवाडीच्या पिठाची पुडी घरी येते आणि म्हशीच्या घमेल्यात जाते असं लोक हसत सांगतात. जाणारच, कारण ते कसं शिजवायचं, त्यात तेल-गूळ किती, नाचणीच्या आंबिलात मिसळलं तर चालतं का, हे सांगायला कोण आलंच नाही. बाळाला नुसतं वरणाचं वरचं पाणी पाजून पोट भरलं असं समजणारी घरं शहरात पण आहेत.

तर मागायचं काय? खानापूर आणि चंदगड, निपाणी आणि कागल, अशा शेजारच्या तालुक्यांच्या बालविकास अधिकाऱ्यांनी महिन्यातनं एकदा माहेरी गेलेल्या आणि माहेरी आलेल्या बायकांची यादी एकमेकांना द्यायची. ती बाई जिथं आहे तिथल्या अंगणवाडीनं सहा महिने तिला द्यायचं, घरी द्यायचं. ह्याला ना सुप्रीम कोर्ट लागतं ना सीमावादावरचा महाजन अहवाल. खर्च कुणाचा, ह्याचा हिशोब दोन राज्यांनी नंतर सावकाश करावा. एसटी आणि कर्नाटकाच्या बसेस करार करून एकमेकांच्या हद्दीत धावतातच, उन्हाळ्यात कृष्णा आटली की कोयनेच्या पाण्यासाठी पत्रं जातातच. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कुठल्या पक्षाचा झेंडा लागत नाही, आणि मांडायचा असेल तर पावसाळ्याआधी मांडा, कारण जूनपासून भीमगडकडची वाट बंद होते.